गाजरांखालचं चेंबर

स्टेनोबाईंना बागेचं वेड लागलं ते भर कोर्टात, आणि तेही दुसऱ्यांच्या भांडणात.

दोन शेजाऱ्यांचा दावा चालला होता. एकाच्या झाडाच्या मुळांनी दुसऱ्याची भिंत उचलली, असा काहीतरी मामला. साक्षीला शेतकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक आले होते. वकिलाने त्यांना सरळ प्रश्न विचारला, "झाडांना शेजार बाधतो का?" त्यावर त्या गृहस्थांनी जे तोंड उघडलं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिटलंच नाही. कोणाशेजारी कोण सुखाने नांदतं, कोण कोणाचं पाणी पळवतं, कोणाच्या वासाने कोणाची कीड जाते, सगळं सांगितलं. न्यायाधीशांना डुलकी लागली होती, त्यामुळे थांबवणार कोण? स्टेनोबाई मात्र अक्षर न् अक्षर उतरवून घेत होत्या. तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? अकरा पानं भरली. मग न्यायाधीश जागे झाले आणि म्हणाले, "हे सगळं असंबद्ध आहे. वगळा."

नोंदीतून वगळलं. बाईंच्या डोक्यातून ते काही जाईना. त्यांनी घरी आल्यावर लघुलिपीच्या वहीतून ती अकरा पानं स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. त्यामुळे बाईंचं बागकामाचं पुस्तक हे असं होतं :

'प्रश्न : कांदा व गाजर शेजारी लावल्यास काय होते? उत्तर : कांद्याच्या वासामुळे गाजराच्या माशीला गाजर सापडत नाही. प्रश्न : झेंडू? उत्तर : टोमॅटोजवळ असावा. मुळांचे किडे दूर राहतात. प्रश्न : पुदिना? उत्तर : कुंडीतच ठेवावा. मोकळा सोडल्यास बेकायदा ताबा घेतो. प्रश्न : बडीशेप? उत्तर : बडीशेपेचे कोणाशीही पटत नाही. प्रश्न : कोणाशीही? उत्तर : कोणाशीही.'

थंडी सरायला लागली होती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात सकाळी नऊला ऊन यायला लागलं आणि बाईंनी जाहीर केलं, की घराच्या मागची पट्टी आपण खोदायची, वाफा करायचा आणि त्यात सोबतीची लागवड करायची. पट्टी म्हणजे त्यांच्या दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंतची बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद जमीन. तळमजल्यावर राहणाऱ्याला डास, ओल आणि वरच्यांच्या दोरीवरून पडलेले कपडे यांखेरीज जर काही मिळत असेल, तर ते एवढंच. चारच बिऱ्हाडांची ती इमारत. ही पट्टी आजवर कोणी मागितली नव्हती.

"बघ, झेपेल का?" नवरा म्हणाला.

हा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, म्हणून त्याने आयुष्यात कधी घाई केली नव्हती आणि कधी आवाज चढवला नव्हता. बाईंना याचाच सगळ्यात जास्त संताप यायचा. दिवसभर कोर्टात लोकांचं खोटं बोलणं चकार शब्द न काढता लिहून घ्यायचं आणि घरी आल्यावर भांडायला माणूस हा असा! भिंतीवर चेंडू मारला तर निदान परत तरी येतो.

"झेपेल का म्हणजे? तुम्हाला काय वाटतं, मला कुदळ धरता येत नाही?"

"तसं नाही म्हणालो."

"तसंच म्हणालात. वाचून दाखवू?"

रविवारी सकाळी आठ वाजता बाईंनी पदर खोचला आणि कुदळ उचलली. तिसरा घाव पडायच्या आत वरच्या तिन्ही गॅलऱ्या भरल्या. इमारतीत एरवी लिफ्ट बंद पडली तर कोणी बाहेर डोकावत नाही, पण दुसरा माणूस काम करताना दिसला की कोणाला घरात बसवत नाही.

"खोदताय का?" पहिल्या मजल्यावरून सेक्रेटरी म्हणाले.

हे सोसायटीचे सेक्रेटरी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. खात्यातून बाहेर पडले तरी खातं त्यांच्यातून बाहेर पडलं नव्हतं. घरात बोलतानासुद्धा ते 'सदर' हा शब्द वापरत, अशी वदंता होती.

"नाही, जमिनीला इस्त्री करतेय," बाई म्हणाल्या.

"अर्ज दिलात का?"

"कशाचा?"

"खोदकामाचा."

"अगं, तिथे काही येणार नाही," दुसऱ्या मजल्यावरून काकू ओरडल्या. "ती जागाच वाईट आहे. त्यापेक्षा कोरफड लाव. कोरफड कुठेही येते. माझी बघ, बादलीत आलीय."

"तण मुळापासून काढा," तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर एवढंच म्हणाले आणि आत गेले. जगातल्या कोणत्याही प्रश्नावर त्यांचा हा एकच इलाज होता.

बाईंनी कोणाकडेही न बघता कुदळ आणखी जोरात मारली. दगड निघाले. विटांचे तुकडे निघाले. एक गंजलेली कात्री निघाली, एक बाहुलीचा हात निघाला. नवरा मागून फावड्याने माती चाळत होता आणि दगडांचे आकाराप्रमाणे तीन ढीग करत होता. हे कशासाठी, असं विचारायचं बाईंनी टाळलं, कारण उत्तर शांतपणे मिळालं असतं. साडेदहाच्या सुमाराला पट्टीच्या बरोबर मध्यावर कुदळ पडली आणि ठण्णकन आवाज झाला.

लोखंड होतं. माती बाजूला केल्यावर चौकोनी झाकण दिसलं, दोन फूट बाय दोन फूट, वर जाळीची नक्षी.

"काय आहे?" सेक्रेटरींनी वरून विचारलं.

"झाकण आहे कसलं तरी."

त्यानंतर सेक्रेटरी जिन्यावरून ज्या वेगाने खाली आले त्या वेगाने ते खात्यातही कधी चालले नसतील. पायात एक चप्पल स्वतःची, एक बायकोची. झाकणाशेजारी ते मटकन बसले आणि त्यावर हात फिरवत म्हणाले, "सापडलं! अहो, सापडलं! अकरा वर्षं शोधतोय आपण!"

ते इमारतीचं हरवलेलं चेंबर होतं. सांडपाण्याच्या सगळ्या नळ्या ज्या चेंबरमध्ये येऊन मिळतात, तेच. बांधणाऱ्याने ते कुठे केलं हे कोणालाच माहीत नव्हतं आणि त्याच्या शोधात सेक्रेटरींनी आजवर तीन वेळा पार्किंगची फरशी फोडली होती. तिसऱ्या वेळी दातांच्या डॉक्टरांची स्कूटर खड्ड्यात पडली होती. ते चेंबर बाईंच्या कुदळीने अडीच तासांत सापडलं. काकूंनी वरून टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी नवऱ्याला मिठी मारली. बाईंना वाटलं, चला, आपल्या खोदण्याचं निदान चीज झालं.

संध्याकाळी दाराखालून नोटीस आली.

'सदर पट्टीत ड्रेनेजचे चेंबर आढळून आल्याने, उपनियम क्रमांक सत्तावीसनुसार, चेंबरच्या कडेपासून चहूबाजूंनी तीन फूट अंतरात कोणतीही लागवड करण्यास सक्त मनाई आहे.'

बाईंनी कागद घेतला आणि आकडेमोड केली. झाकण दोन फूट, दोन्हीकडे तीन-तीन फूट, झाले आठ. बारा फुटांतून आठ गेले, उरले चार. ते एका जागी नव्हेत, दोन टोकांना दोन-दोन फूट! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशाच त्या पहिल्या मजल्यावर गेल्या.

"म्हणजे टोमॅटो या टोकाला आणि झेंडू त्या टोकाला? सोबतीला लावायचं आणि एकमेकांना पत्रं लिहायला लावायची?"

"वहिनी, नियम माझा नाही."

"सत्तावीस नंबरचा नियम लिहिला कोणी?"

"मीच. पण तो मंजूर सर्वांनी केलाय," सेक्रेटरी म्हणाले. "तुमची हरकत असेल तर पालिकेतून लेखी आणा. पालिका म्हणाली, की लागवड चालेल, तर माझं काहीही म्हणणं नाही."

बाईंनी मंगळवारची रजा टाकली.

पालिकेत खिडकी क्रमांक सातवर ड्रेनेजचं काम होतं. खिडकीतल्या माणसाने खोदकामाच्या परवानगीचा अर्ज पुढे सरकवला. त्यात 'खोदकामाचे कारण' या रकान्यात चार पर्याय होते : विहीर, पाया, खांब, केबल.

"गाजर कुठे लिहू?"

"काय?"

"मला गाजरं लावायची आहेत. यात इतर असा रकाना नाही."

"इतर परिशिष्टात आहे."

"मग परिशिष्ट द्या."

"परिशिष्ट संपलंय," तो म्हणाला. "केबल लिहा ना बाई. जमिनीत जाते आणि लांब असते."

बाईंनी दातओठ खाल्ले. तीस वर्षं शपथेवरच्या साक्षी उतरवलेल्या बाई गाजराला केबल लिहिणार नव्हत्या. त्यांनी अर्ज बाजूला सारला आणि थेट मुद्द्यावर आल्या : आमच्या मागच्या पट्टीत तुमचं चेंबर आहे, त्यापासून किती अंतर सोडायचं ते लिहून द्या.

"चेंबर आहे की नाही ते चार नंबर सांगेल. नकाशे तिकडे."

चार नंबरच्या बाईंनी नकाशा पसरला. त्यावर डबा ठेवलेला होता तो उचलला, नकाशावर बोट फिरवलं आणि मान हलवली. "तुमच्या इमारतीत चेंबरच नाही."

"अहो, मी पाहिलंय. मी त्यावर उभी राहिलेय!"

"तुम्ही उभ्या राहिलात त्याची नोंद आमच्याकडे नाही."

"मग आमचं सांडपाणी जातं कुठे?"

"ते सात नंबरला विचारा."

सात नंबरने सांगितलं, की चार नंबर नाही म्हणत असेल तर नाहीच. बाई पुन्हा चारवर, पुन्हा सातवर. अशा पाच फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला त्यांचा आवाज इतका चढला होता, की जन्ममृत्यूच्या खिडकीवरची रांग मागे वळून पाहायला लागली. शेवटी चार नंबरच्या बाईंनी वैतागून एक कागद घेतला, त्यावर लिहिलं, 'सदर पत्त्यावरील मागील मोकळ्या जागेत कोणतेही चेंबर अस्तित्वात नाही,' आणि खाली असा शिक्का हाणला, की टेबलावरचा चहा हिंदकळला.

"हे घ्या आणि जा."

बाई तो कागद त्यांच्या तोंडावर फेकणारच होत्या. हात उचललासुद्धा होता. आणि मग त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला.

त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी तो कागद तीनदा वाचला. चष्मा लावून, चष्मा काढून आणि मग नुसताच हातात धरून.

"पण वहिनी, चेंबर तर आहे."

"पालिका नाही म्हणते. लेखी म्हणते. तुम्हीच म्हणालात ना लेखी आणा?"

"अहो, पण..."

"जे अस्तित्वातच नाही त्याच्यापासून तीन फूट मोजायचे कसे, ते उपनियमात असेल तर दाखवा."

आयुष्यभर दुसऱ्यांचे युक्तिवाद लिहून घेतल्यावर हा पहिला युक्तिवाद त्यांचा स्वतःचा होता. जिना उतरताना त्यांना इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी घरी कोणावर ओरडायचंच राहून गेलं. नवऱ्याने काळजीने विचारलं, "बरं नाही का?"

झाकणावर माती पसरली गेली. कुजवलेलं खत मिसळलं, पंधरा दिवस वाफा मुरू दिला. खिडकीत अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये टोमॅटो आणि झेंडूची रोपं वर आली. बाजूच्या दोन्ही टोकांना माती खोल होती म्हणून तिथे टोमॅटो-झेंडूची जागा राखली. मध्ये, झाकणावर जेमतेम वीतभर माती होती, म्हणून तिथे एक ओळ कांद्याची, एक ओळ आखूड गाजरांची. कुंपणालगत काही ठिकाणी घेवडा, पण कांद्यापासून लांब, कारण पान आठ, प्रश्न एकोणचाळीस. पुदिना कुंडीत, नजरकैदेत.

गाजर उगवायला फार वेळ घेतं. नवरा रोज कामावर जायच्या आधी भिंग घेऊन वाफ्याशी बसायला लागला. अठराव्या दिवशी त्याने आत येऊन सांगितलं, "उगवलीत. त्रेसष्ट आहेत." त्याला मुलाखतीसाठी बोलावणं आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. बाईंना तो प्रसंग फार आवडला, पण त्यांनी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

आणि त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीतून पाणी वर आलं.

सांडपाणी तुंबलं की सगळ्यात आधी तळमजल्याला कळतं. वरचे तिन्ही मजले मजेत आंघोळी करत होते आणि ते सगळं पाणी, साबणाच्या फेसासकट, बाईंच्या न्हाणीघरातून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून बैठकीत येत होतं. बाई हातात झाडू घेऊन जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "नळ बंद करा! सगळ्यांनी नळ बंद करा!"

"आत्ता माझ्या डोक्याला साबण आहे," वरून काकूंचा आवाज आला.

प्लंबर आला, मेव्हण्याला घेऊन आला. जाळीत सळई घातली, काढली, वास घेतला आणि म्हणाला, "चेंबर उघडायला लागेल. कुठंय?"

सगळे बाईंकडे बघायला लागले. सेक्रेटरींनी तर हाताची घडी घातली. म्हणाले, "पालिकेच्या म्हणण्यानुसार नाहीये."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सेक्रेटरींचा राग, पालिकेचा राग, आणि सगळ्यात मोठा स्वतःचा. जिंकलेला दावा असा आपल्याच पायावरून वाहत होता. त्यांनी फावडं उचललं आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. पण वाफ्याजवळ नवरा आधीच गुडघ्यांवर बसलेला होता. शेजारी ट्रे, आणि हातात चष्म्याचे स्क्रू धरायचा बारीक चिमटा.

"अहो, काय करताय?"

"गाजरं काढून घेतो. मग उघडा."

"गाजर हलवायचं नसतं. हलवलं तर वेडंवाकडं होतं. पान चार."

"वेडंवाकडं चालेल," तो म्हणाला आणि पहिलं रोप चिमट्याने उचललं.

दोरा असतो ना, शिवायचा, तेवढं ते रोप. खाली केसाएवढं मूळ. तो एकेक रोप सरळ उचलायचा, मूळ न दुमडता ट्रेमधल्या ओल्या मातीत सोडायचा आणि बोटाच्या टोकाने दाबायचा. प्लंबरचा मेव्हणा विडी पेटवून भिंतीला टेकला. सेक्रेटरी गॅलरीतून "आटपा, आटपा" म्हणत होते. घरात पाणी सतरंजीपर्यंत पोचलं होतं. बाई एकदा आत झाडूने पाणी लोटायच्या आणि एकदा बाहेर येऊन नवऱ्याकडे बघायच्या. एरवी त्या ओरडल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी कांद्याची ओळ स्वतः उपटून घेतली. पाऊण तासाने त्रेसष्टावं रोप ट्रेमध्ये गेलं. नवऱ्याने ट्रे भिंतीच्या सावलीत ठेवला आणि पाठ धरत उभा राहिला.

मग झाकण उघडलं. त्याचं वर्णन करत नाही. बांबूच्या पट्ट्या आत गेल्या, प्लंबर आणि मेव्हणा दोघं लोंबकळले, आणि शेवटी पट्टीच्या टोकाला अडकून एक मोठा कापडी गोळा वर आला. प्लंबरने तो झटकला. तो नॅपकिन होता. चांगला जाडजूड, कडेला निळी पट्टी, आणि पट्टीवर छापलेलं : 'निवृत्तीनिमित्त सप्रेम भेट, पाणीपुरवठा विभाग.'

सगळ्यांच्या माना पहिल्या मजल्याकडे वळल्या. गॅलरीतून सेक्रेटरी म्हणाले, "बरं, बरं. तो गाळ काढा आधी."

"कुठे टाकू?" प्लंबरने विचारलं.

"टाक ना तिकडे भिंतीशी."

बाई तेव्हा न्हाणीघरात पाणी उतरतंय का ते बघायला गेल्या होत्या आणि नवरा हात धुवायला. दोघं बाहेर आले तेव्हा भिंतीशी गुडघाभर उंचीचा काळा ढीग होता. ट्रे त्याच्याखाली होता.

नवरा ढिगाकडे बघत राहिला. मग आत गेला, कपडे बदलले आणि कामावर निघून गेला. अर्धी रजा असूनही.

बाई दोन दिवस तणतणत होत्या. सतरंजी उन्हात टाकताना तणतणल्या, फिनेल ओतताना तणतणल्या, कोर्टात एका साक्षीदाराचा 'सेक्रेटरी' हा शब्द लिहिताना त्यांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. आणि तिसऱ्या दिवशी, कल्पना करा, पुन्हा नोटीस. नॅपकिनबद्दल माफीची असेल, असं क्षणभर त्यांना वाटलं. तर ती सभेची निघाली. विषय एकच : 'चेंबर पुन्हा मातीखाली जाऊन रहिवाशांची गैरसोय होऊ नये यासाठी सदर पट्टीवर संपूर्ण सिमेंट-काँक्रीट करणे.'

"बघितलंत?" बाईंनी कागद नवऱ्यासमोर आपटला. "कपडा यांचा, घर बुडालं आपलं, आणि सिमेंट माझ्या वाफ्यावर! आता तरी काही बोलाल?"

नवरा चष्म्याची काडी पुसत होता. म्हणाला, "सभेला जाऊ."

रविवारी सकाळी दहा वाजता सेक्रेटरींच्या बैठकीत सभा भरली. चार बिऱ्हाडं, पाच माणसं, सहा खुर्च्या. दातांचे डॉक्टर डोळे मिटून बसले होते. बाईंनी रात्रभर मनात भाषण रचलं होतं, त्याचे मुद्दे काढले होते, आणि कागद मांडीवर धरून त्या आपली पाळी यायची वाट बघत होत्या. सेक्रेटरींनी प्रस्ताव वाचला. मग कागद खाली ठेवून हसत म्हणाले, "आणि वहिनींना हौस आहे तर आम्ही दोन कुंड्या देऊ. शेवटी काय, चार काड्या तर होत्या."

"त्रेसष्ट!"

हे इतक्या मोठ्याने आलं, की डॉक्टरांनी डोळे उघडले. बाईंनीही दचकून शेजारी पाहिलं. नवरा उभा राहिला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"त्रेसष्ट होत्या! मी एकेक काढली होती! हाताने! चिमट्याने! चार काड्या म्हणता? तुम्हाला एक नॅपकिन सांभाळता येत नाही, आणि चार काड्या? काय समजता काय स्वतःला? खातं तुमचं पाण्याचं, आणि तुंबवता तुम्हीच! माझ्या घरात तुमच्या आंघोळीचं पाणी फिरत होतं! माझी बायको दोन महिने त्या जमिनीत राबतेय. तुम्हाला माहितेय का तिथे काय लावलं होतं? माहितेय? कांद्याजवळ टोमॅटो लावतात! का? तर झेंडूची माशी येऊ नये म्हणून! आणि गाजर घेवड्याला... घेवड्याला वेलाचा आधार देतं! हे सगळं शास्त्र आहे! कोर्टात सिद्ध झालेलं!"

यातलं लागवडीचं एकही वाक्य बरोबर नव्हतं. माशी गाजराची, घेवड्याला आधार मक्याचा, आणि कोर्टाने तर ते सगळं वगळलेलं. बाईंच्या जिभेवर दुरुस्ती आली होती. तीस वर्षांत त्यांनी चुकीचा शब्द कधी तसाच जाऊ दिला नव्हता. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि तो जाऊ दिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"ट्रे तिथे आहे हे मला कसं माहीत असणार?" सेक्रेटरी चाचरत म्हणाले. "प्लंबरने टाकला."

"तुम्हीच सांगितलंत की," काकू म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे वळले. "मी वरून बघत होते. तुम्ही म्हणालात, टाक तिकडे भिंतीशी. ट्रे मला दुसऱ्या मजल्यावरून दिसत होता, तुम्हाला पहिल्यावरून दिसला नाही?"

"काकू, तुम्ही मध्ये..."

"मी मध्येच राहते. दुसऱ्या मजल्यावर. आणि सिमेंट केलं तर दुपारी सगळी धग वर माझ्याकडे येईल. मला नको सिमेंट."

सेक्रेटरींनी आशेने तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. डॉक्टर उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि म्हणाले, "नॅपकिन तुमचा होता. माझी स्कूटर अजून वाजते." आणि निघून गेले. हे मत कोणत्या बाजूने धरायचं यावर थोडी चर्चा झाली, पण ते सिमेंटच्या बाजूने नाही यावर एकमत झालं. झाकणाभोवती एक वीट उंचीचं कडं बांधायचं, म्हणजे ते पुन्हा हरवणार नाही, आणि बाकीच्या जमिनीशी सोसायटीचा संबंध नाही, असा ठराव लिहिला गेला. लिहिला बाईंनीच, कारण सेक्रेटरींचा हात चालत नव्हता.

जिना उतरताना नवऱ्याने कठड्याला धरलं होतं.

"जास्त बोललो का?"

"कमी बोललात," बाई म्हणाल्या. "मक्याचा आधार. मक्याचा. पण जाऊ दे."

घरात न जाता दोघं सरळ मागे गेले. ढीग उचलला गेला होता, जमीन धुऊन निघाली होती, ऊन अजून कोवळं होतं आणि पेरणीची वेळ टळलेली नव्हती. नवऱ्याने गाजराच्या बियांची पुडी आणली, खाली बसला आणि अंगठ्याने मातीत भोकं पाडायला लागला. चांगली बोटभर खोल.

"एवढं खोल?" बाई कडाडल्या. "गाजर पेरताय की नळ टाकताय? नखाएवढी माती पुरते वरून! किती वेळा वाचून दाखवलं?"

"मागच्या वेळी आली की."

"मागच्या वेळी मी पेरली होती! सरका तिकडे!"

"मी नाही सरकत," नवरा म्हणाला. त्याचा आवाज अजून उतरला नव्हता. "अर्धी ओळ माझी आहे."

"तुमची? कोणी दिली तुम्हाला?"

"मीच घेतली!"

पहिल्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद झाली. दोघांनी एकदम वर पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि मग आवाज आणखी थोडा चढवला.